जावई मोडून देणारी मावशी

आमच्या भाजीगल्लीत सकाळी सकाळी जावई आला, की सगळ्यांची तारांबळ उडते. लसूणवाले आजोबा टोमॅटोवालीकडे बघतात, टोमॅटोवाली बटाटेवाल्याकडे बघते, आणि बटाटेवाला आपला गल्ल्याचा डबा उलटा करून दाखवतो. जावई म्हणजे पाचशेची नोट. ऐटीत येते, मूठभर मिरच्या घेते, आणि तिचा मान राखता राखता सगळी माणसं कामाला लागतात. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला दोन-तीन तरी मुली असाव्यात.

शंभराची नोट ती वहिनी, कारण घर तिच्यावर चालतं. पन्नासाची तो मामा, अडीनडीला हटकून धावून येणारा. विसाची जाऊबाई. ती जाऊबाईच का, असं विचारलं की गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात आणि पुरुष माना खाली घालून वजनं मांडत बसतात. दहाची चिमणी, कारण ती एका जागी ठरत नाही. नोट कोरी करकरीत असली तर तिला नवरी म्हणतात, फाटून चिकटवलेली असली तर आजारी. "एक आजारी मामा आहे, चालेल का?" असं कुणी ओरडलं की नवखं गिऱ्हाईक दचकतं. एका भल्या गृहस्थांनी तर "डॉक्टरांना दाखवलंत का?" असंही विचारलं होतं.

या नावांचा मूळ उपयोग साधा होता. आपल्या गल्ल्यात काय आहे आणि शेजाऱ्याकडे काय मागतोय, हे गिऱ्हाइकाला कळू नये, एवढाच. पण आमच्या गल्लीत त्यांनी आणखी एक काम केलं, आणि ते सांगायचं तर मोडमावशीबद्दल सांगायला हवं.

मावशीचा धंदा मोड द्यायचा. चहाच्या टपऱ्या आणि बसस्थानकाच्या तिकीट खिडक्या यांच्याकडे सुट्या पैशांचा सुकाळ. तिथून ती पहाटे नाणी आणि लहान नोटा आणायची, बदल्यात मोठ्या नोटा द्यायची. मग भाजीगल्लीच्या मध्यावर, खांबाला पाठ लावून, खोक्यावर बसायची. ज्याला मोड हवी त्यानं यावं, शेकड्यामागे एक नाणं वटणावळ द्यावी आणि मोड घेऊन जावं. कमरेला जाड कापडाची पिशवी. ती तिनं स्वतः शिवलेली, आत कप्पे. खालच्या कप्प्यांत नाणी, वरच्या कप्प्यांत नोटा. "जावई मोडून द्या हो मावशी," अशी हाक आली की तिचा हात पिशवीत जाई आणि चार वहिन्या, दोन मामा बाहेर येत. सोबत एखादी कोपरखळी असेच. "घ्या. एका जावयात एवढी माणसं पोसली जातात, आणि लोक म्हणतात जावई कामाचा नाही!"

आता पुष्कळजण फोनवरून पैसे देतात. मावशीला त्याचा राग नव्हता. "त्या पैशाला नाव नाही, गाव नाही, घडी नाही. येतो तसा जातो, कुणाला दिसत नाही," एवढंच ती म्हणे. तरी गल्लीतली अर्धी गिऱ्हाइकं नोटावालीच होती, आणि मावशीचं भागत होतं.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर रोज भाजीला जाऊ लागले. एका जिवाला रोज कसली भाजी लागते? पण बटाटेवाल्याचं एक रिकामं खोकं असे, त्यावर टेकलं की तासभर बरा जाई. मावशी माझ्या समोरच बसे. तिच्या काही बारीकसारीक लकबी लक्षात येण्यासारख्या होत्या. नोट घेतली की ती तळहातावर आडवी ठेवायची, आणि तिचं टोक मनगटाकडे कुठवर पोचतं ते अंगठ्यानं बघायची. बोलणाऱ्याकडे तोंड वळवायची, पण किंचित उशिरा. एकदा तिच्या शेजारी कुणी कांद्याचं पोतं उभं करून ठेवलं होतं, त्याला ती म्हणाली, "जरा सरकून बसा, भाऊ." पोतं अर्थातच हललं नाही. मावशीनं हात लावून बघितलं, आणि लगेच मोठ्यानं हसून म्हणाली, "भाऊ जाड आहेत, त्यांना नाही जमायचं."

सगळे हसले. मीही हसले. पण मुलांच्या डोळ्यांकडे बघण्यात जन्म गेलेल्या माणसाला फळा न दिसणारं मूल ओळखता येतंच.

मावशीला काचबिंदू होता. नजर कडेकडेनं विझत मधल्या एका ठिपक्यावर आली होती, आणि तो ठिपकाही पुसट होत चालला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिला एकुलता एक मुलगा होता. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरीला, गावाच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर घर. त्यानं आईला बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी तुला नोट ओळखता येणार नाही, त्या दिवशी पिशवी माझ्या हातात द्यायची आणि माझ्याकडे येऊन राहायचं." मावशी हो म्हणून बसली होती, आणि ती शब्दाची पक्की.

"मुलगा वाईट नाही हो, बाई," ती मला एकदा म्हणाली होती. "वाईट असता तर सोपं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. सूनही चांगली. खिडकीजवळ खुर्ची ठेवलीय म्हणते माझ्यासाठी. आता मला सांगा, मी खुर्चीत बसून काय करू? भिंतीवरचं घड्याळ होऊ? तेसुद्धा टोले देतं, मला तेवढंही काम नाही."

तोवर निभत होतं, कारण जुन्या नोटा लहानमोठ्या असत. मावशीचा अंगठा चुकत नसे. मग नव्या नोटा आल्या. रंग देखणे, कागद गुळगुळीत, आणि मापं इतकी जवळजवळची की मामा आणि वहिनी बोटाला जुळ्यासारखे लागावेत. त्या आठवड्यात मावशी गल्लीत आलीच नाही. ताप आलाय, असा निरोप आला.

टोमॅटोवाली तिला बघायला गेली. ही पोर गल्लीत नवी, येऊन जेमतेम काही महिने झालेली, पण मावशीच्या डाव्या हाताला बसणारी. तिनं काय बघितलं ते मला पुष्कळ नंतर सांगितलं. दार उघडं होतं. मावशी पलंगावर बसली होती, पुढ्यात नोटा पसरल्या होत्या, आणि एकेक नोट ती गालाला लावून बघत होती. टोमॅटोवाली आवाज न करता परत फिरली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथून मोठ्यानं हाका मारत पुन्हा आली. आत गेली तेव्हा नोटा उशीखाली गेल्या होत्या, आणि मावशीनं कपाळावर ओला फडका ठेवला होता.

ती हे बटाटेवाल्याला सांगून गेली. बटाटेवाला म्हणजे आवाजाचा भोंगा. त्याच्या पोटात एरवी काही राहत नाही. या वेळी राहिलं. त्यानंतर गल्लीत काही ठरलं का, बैठक झाली का, मला ठाऊक नाही. माझ्या समजुतीप्रमाणे नाही. मावशी परत आली त्या सकाळी बटाटेवाला सगळ्यात आधी तिच्यापाशी गेला आणि बटाट्याचा भाव सांगावा तशा आवाजात ओरडला,

"मावशी, वहिनी आलीय हो! दोन मामा हवेत!"

नोट तिच्या हातावर पडली. अंगठा सवयीनं मनगटाकडे गेला आणि अर्ध्यावर थबकला. मग ती म्हणाली, "वहिनीला एवढ्यानं ओरडतात का रे? लग्न कसं टिकलं तुझं?" आणि दोन मामा काढून दिले. तिच्या कप्प्यांत कुठं काय आहे हे तिला पक्कं माहीत होतं. अडायचं ते हातात येणाऱ्या नोटेपाशीच.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत एक पद्धत पडून गेली. मावशीच्या हातात नोट ठेवायची ती नाव घेऊन. पूर्वी ही नावं मोड मागताना यायची, आता देतानाही येऊ लागली. "घ्या, चिमणी बसली तुमच्या हातावर." "मावशी, जाऊबाई आल्यात, नवरीसारख्या नटून." लसूणवाले आजोबा कमी बोलणारे. ते नुसतं "जावई" एवढंच म्हणत आणि खाकरत. मला पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं. "मावशी, मामा आले," असं मी म्हटलं, तर तिनं विचारलं, "बाई, हजेरी घेताय का?"

बाहेरचं कुणी गिऱ्हाईक मोड मागायला आलं आणि मुकाट्यानं नोट पुढे केली, तर टोमॅटोवाली टोमॅटो पुसता पुसता हवेत बोले, "अगबाई, आज जावई लवकर आले वाटतं." आणि ती जवळ नसली, तर मावशी स्वतःच लाडिकपणे विचारी, "कोण आलंय म्हणायचं?" गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारी गंमत करतेय. ते हसून सांगे, "शंभर आहेत, मावशी."

यातली खरी गंमत अशी, की मावशीला वाटत होतं, आपणच या लोकांना खेळवतोय. आपण चार विनोद केले, म्हणून यांना नावं घ्यायची चटक लागली, आणि आपलं गुपित झाकलं गेलं. आणि गल्लीला वाटत होतं, आपण मावशीला खेळवतोय. दोन्ही बाजू एकमेकींची काळजी घेत होत्या आणि दोन्हींना आपल्या हुशारीचं कौतुक होतं. त्या खोट्या नावांच्या गलक्यात नोटेचं नाव मात्र एकदाही कुणी खोटं घेतलं नाही. चुकूनसुद्धा नाही. बटाटेवाला वजनात कसा आहे ते मी सांगणार नाही, पण मावशीच्या हातावर जाऊबाई ठेवून तो वहिनी म्हणाला असं कधी झालं नाही.

एका सकाळी, गर्दीच्या वेळी, डोक्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस मावशीपुढे उभा राहिला. बराच वेळ तो कोपऱ्यावर उभा होता, हे नंतर सगळ्यांना आठवलं. त्यानं नोट पुढे केली आणि हेल्मेटच्या आतून घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"मावशी, जावई मोडून द्या."

"या, या जावईबापू!" मावशी म्हणाली. चार वहिन्या, एक मामा, बाकी चिमण्या आणि नाणी. वटणावळ कापून तिनं मोड त्याच्या हातावर ठेवली, आणि नोट पिशवीच्या वरच्या कप्प्यात सरकवली.

टोमॅटोवालीनं ती नोट जाताना पाहिली. तिच्या हातातला टोमॅटो खाली पडला.

"अहो! थांबा! जाऊबाई होती ती! अहो बटाटेवाले, धरा त्याला, विसाची दिली त्यानं!"

माणूस पळाला नाही. हातातल्या नोटांकडे बघत तसाच उभा राहिला. पण बटाटेवाल्याला एवढा विचार करायला सवड कुठली? तो बटाट्यांवरून उडी मारून आला, आणि गळपट्टी मिळेना म्हणून हेल्मेटचाच पट्टा धरून त्या माणसाला गदागदा हलवू लागला.

"लाज वाटते का रे? अख्खी गल्ली सोडून आंधळ्या बाईला लुबाडतोस?"

तो शब्द सगळ्या गल्लीनं ऐकला. तराजूसुद्धा हलायचे थांबले. बटाटेवाल्याचा हात पट्ट्यावरच राहिला, तोंड उघडं राहिलं. आणि हेल्मेटच्या आतून आवाज आला,

"अगं आई, सांग ना याला!"

मावशी खोक्यावरून उठली. "तू? अरे, तू काय करतोयस तिथं आत?"

हेल्मेट उतरलं. घामाघूम झालेला, चष्मा वाकडा झालेला मुलगा. बटाटेवाल्यानं दोन पावलं मागं घेतली. "माफ करा, साहेब. पण डोकं झाकून जावई कशाला व्हायचं? मुलगा होऊन आला असतात तर चहा पाजला असता."

मुलाला चहा नको होता. "काल तुझे डोळ्यांचे डॉक्टर भेटले मला," तो आईला म्हणाला. "काही उरलं नाही म्हणाले. आणि तू मला सांगतेस, सगळं दिसतं, नोटा ओळखते! म्हणून बघायला आलो. विसाच्या नोटेला पाचशेची मोड दिलीस, आई. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर?"

मी मावशीकडे बघत होते. तिचा हात पिशवीच्या गाठीपाशी गेला होता. शब्द दिला होता ना तिनं. ती गाठ आता ती सोडणार, असंच मला वाटलं.

बोलली ती टोमॅटोवाली. पोर चिडली होती, रडायच्या बेतात होती. "दुसरा कुणी? दादा, नव्या नोटा आल्यापासून रोज या हातात शेकडो नोटा पडतात. इथं चोर आहेत, उधार बुडवणारे आहेत, हे बटाटेवाले तर आहेतच. पण मावशींना खोटं नाव सांगणारे तुम्ही पहिले! गल्लीत पहिले! आणि चार पावलं तरी जाता आलं का तुम्हाला?"

"मला कशाला मध्ये घेतेस?" बटाटेवाला पुटपुटला.

मुलानं मान वर केली. त्यानं गल्लीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोपऱ्यावर उभं राहून त्यानं ऐकलेलं सगळं त्याला आता निराळं ऐकू येत असावं.

"थांबा जरा," मावशी म्हणाली. "आधी मला सांगा, आंधळी कोण म्हणालं?"

"तोंडातून गेलं, मावशी," बटाटेवाला म्हणाला. एवढ्या हळू आवाजात बोलताना त्याला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"तुम्हाला ताप आला होता ना, तेव्हापासून."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांनाच," टोमॅटोवाली म्हणाली. "लसूणवाल्या आजोबांना सोडून. त्यांना त्यांचंच दिसत नाही."

"मलाही ठाऊक होतं," आजोबा खाकरून म्हणाले.

मावशी मटकन खोक्यावर बसली. तिचे खांदे हलू लागले. मुलगा घाबरून पुढे झाला, पण ती हसत होती. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं. "आणि मी मूर्ख, रोज निजताना देवाचे आभार मानत होते, की बाबा रे, मला एवढी हुशारी दिलीस! अरे, आभार चुकीच्या पत्त्यावर जात होते की माझे!"

मग तिनं मुलापुढे हात केला. "मोड परत दे." त्यानं दिली. तिनं बोटांनी चाचपली, ज्या त्या कप्प्यात घातली, आणि जाऊबाईतून वटणावळ कापून उरलेले पैसे त्याला दिले. मुलानं ते मोजून विचारलं, "आणि कापलेली वटणावळ, आई?"

"ती मिळणार नाही. काम केलंय मी."

आता गल्ली हसली, आणि मुलगाही हसला. तो मावशीच्या पायाशी, कांद्याच्या सालींवर बसला. दोघं हळू आवाजात बोलत होती, पण समोरच असल्यामुळे मला ऐकू आलं. मावशी म्हणाली, "नोट ओळखता आली नाही की पिशवी देईन, असा शब्द दिला होता मी. तू म्हणशील तर देते." त्यावर मुलगा पुष्कळ वेळ चष्म्याची काडी सरळ करत बसला. मग म्हणाला, "तुला ओळखता येते, आई. फक्त तुझे डोळे जरा जास्तच आहेत. एवढे मला मोजता आले नाहीत." आणि मग, मुलाच्या जातीला शोभेल असं, रागावून, "पण सकाळी बसस्थानकावरून एकटी यायचं नाही. मी सोडत जाईन."

"सोड. पण ते टोपलं डोक्यावर घालून माझ्याशी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. मुलगा तिला खांबापाशी पोचवून कार्यालयात गेला होता. मावशी बसली होती, पण पिशवी अजून बांधलेलीच. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे तिचा चेहरा फार मोकळा दिसत होता. ती टोमॅटोवालीला म्हणत होती, "माझ्या नजरेत होते तेवढे सगळे मला आठवतात. हा बटाटेवाला आठवतो, विसरायचं म्हटलं तरी. पण तू आलीस तेव्हा माझा दिवा गेलेला. दोन वर्षं तुझ्या जिवावर बसलेय, आणि तुझं तोंड मला ठाऊक नाही. विचारायची चोरी होती ना! आभार मानायचे तर माणसाला समोर तोंड नको का?"

"नाक बसकं आहे," बटाटेवाल्यानं पलीकडून माहिती पुरवली. "आणि रागावली की टोमॅटो आणि ती वेगळी काढावी लागतात."

"तू गप बस. तिला सांगू दे."

टोमॅटोवालीला सांगता येईना. तिनं ओल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारले, हात फडक्याला पुसले, आणि गुडघ्यांवर बसून आपलं तोंड मावशीच्या हातांपाशी नेलं. मावशीची बोटं कपाळावरून निघाली, भुवयांवर थांबली, नाकावरून उतरली. खोक्यापुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती, एकाच्या हातात जावई होता. त्यांनी घाई केली नाही.

"हसू नकोस गं," मावशी म्हणाली. "गाल हलतात, मग नीट बघता येत नाही."